खाली, जिथे हवा कमी

पुसेलेत्सो नळीचं बूच फिरवते, पुन्हा फिरवते,
वर मेणाचा थर देते,
तारीख घालते.
आत निळ्या रंगाचे चार थेंब.
हवा आहे तोवर ते निळं राहील,
मग एके सकाळी नसेल.
सगळं पाण्यासारखं, आणि तळाशी
क्षयाचे जंतू,
मेलेले नाहीत.

केपटाउनच्या या खोलीला दोन दारं,
एका वेळी एकच उघडतं.
खाणीच्या पिंजऱ्याचंही काहीसं तसंच होतं,
बाप सांगायचा.

मोट्लात्सी. वेल्कमच्या सोन्याखाली एकवीस वर्षं.
घोंगडी वर खुंटीला,
आणि स्वतः दोन किलोमीटर खाली,
जिथे दगड तव्यासारखा तापतो.
एकदा छत बसलं तेव्हा तीन दिवस अडकला.
"घाई करायची नाही," म्हणायचा,
"आधी बोलणं बंद. मग हालचाल.
दिवा मंद.
खिशातली भाकरी चिमटीचिमटीनं.
वरून ठोकल्याचा आवाज येईपर्यंत
आपण नाहीच, असं राहायचं."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
जंतूलाही नाही.
जंतूच्या आत एक पहारेकरी प्रथिन,
त्याच्या पोटात लोहाचा एक कण,
आपल्या रक्तात असतो तसाच.
हवा विरळ झाली की त्या कणाला आधी कळतं.
तो शेजाऱ्याला खुणावतो,
शेजारी जाऊन जनुकांच्या दारांवर थाप मारतो:
पन्नासेक उठतात पाळीवर,
बाकीची बरीचशी पाठ फिरवून झोपतात.
वाढणं बंद. फुटणं बंद.
साठवलेली चरबी चिमटीचिमटीनं.
भोवती आपल्याच शरीरानं बांधलेली गाठ.
शरीराला वाटतं, कोंडला.
तो म्हणत असेल, निवारा.

मोखोट्लोंगच्या डोंगरात बाप परतला
तेव्हा छाती साफ होती. कागद तसं म्हणतो.
चौदा वर्षं मेंढ्या राखल्या.
चौदाव्या हिवाळ्यात
घोड्यावरून उतरताना खोकला, आणि बर्फावर
लाल.

मासेरूच्या कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस वाईट नव्हता.
त्यानं बोटांवर मोजून दाखवलं,
"चौदा वर्षं, न्ताते. एवढी वर्षं आजार कुठे होता?"
बापाला उत्तर आलं नाही.
तो पोरीकडे बघत राहिला.
तिच्या नावाचा अर्थ भरपाई.
आधीचं मूल गेलं, त्यानंतर ती आली म्हणून.
कचेरीतून तेवढीच घेऊन तो घरी गेला.

फडताळात दुसरी एक जात आहे, गरीब.
त्याच मूळ जंतूची पणती, पण उंदीरही मरत नाही तिनं.
पुसेलेत्सोनं दोघींचे जनुकांचे पाढे शेजारी ठेवून वाचले.
फरक इकडेतिकडे विखुरलेले,
पण एक असा, की ती थांबली:
हुकूम पोहोचवणाऱ्याच्याच जनुकात
एक अक्षर वेगळं.
ध चा मा आपण ऐकून आहोत.
इथे मा चा ध झालेला.
हत्यारं बहुतेक सगळी घरात,
धार लावलेली,
आणि हुकूम असा तोतरा येतो
की कुणी ती उचलतच नाही.

एका अक्षरावर एवढं.
ती त्या रात्री बसमधून उतरायचं विसरली.

आज चौदावा दिवस. निळं गेलं.
ती वहीत लिहिते: निळं गेलं.
नळी हलवत नाही.
खिडकीपलीकडच्या त्या माणसाला
ही नळी दाखवावी असं तिला फार वाटतं,
पण तो आता निवृत्त झाला असेल,
आणि बापाच्या थडग्यावरचे दगड
दोनदा नीट रचून झाले.

मग बूच सैल करते.
थोडी हवा, एवढीच,
वरून कुणी ठोकल्यासारखी.
किती जण जागे झाले
ते ताटल्यांवर तीन आठवड्यांनी दिसेल.